कागदाचा शंकू, जिल्ह्याचं गाव

एक कोरा कागद घ्यायचा. छापील आराखड्यावरून कात्रीनं कापून त्याचा छोटा शंकू वळायचा, कडेला चिकटपट्टी मारायची. मोबाइलच्या खालच्या कडेला स्पीकर आणि माइक जवळजवळ असतात, तिथं तो बसवायचा. मग मुलाला आईच्या मांडीवर बसवून शंकूचं टोक त्याच्या कानाच्या तोंडाशी धरायचं. फोनमधून चिवचिव असा बारीक आवाज कानात जातो, पडद्यावर आपटून परततो, माइक तो टिपतो आणि पडद्यामागं पाणी साचलंय का याचा अंदाज स्क्रीनवर उमटतो. चिवचिवाटाची एक लकेर सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी. मूल चुळबुळ करायला लागायच्या आत काम आटपतं.

अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जस्टिन चॅन, राजलक्ष्मी नंदकुमार, श्याम गोलाकोटा ही संगणकवाली मंडळी आणि शरत राजू, रँडल ब्लाय हे कान-नाक-घशाचे डॉक्टर यांनी मिळून हे केलं. २०१९ च्या मे महिन्यात ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. कुंभाराकडं माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो. रिकामा माठ वेगळा बोलतो, पाणी असलेला वेगळा. तत्त्व तेच. पडद्यामागं हवा असेल तर पडदा मोकळेपणी थरथरतो आणि परतीचा आवाज पसरट येतो. पाणी असेल तर थरथर आखडते आणि परतीच्या आवाजात ठरावीक पट्टीत अरुंद, खोल खड्डा पडतो. फोन तो खड्डा शोधतो.

निबंधातले आकडे असे : पाणी असलेल्या कानांपैकी ८५ टक्के कान फोननं ओळखले आणि पाणी नसलेल्यांपैकी ८२ टक्के कानांना बरोबर निर्दोष ठरवलं. कागद आणि चिकटपट्टीच्या खर्चात एवढं मिळत असेल तर कुणालाही भुरळ पडेल. मलाही पडली. पण हे आकडे आपल्याकडच्या एखाद्या शाळेत आणून बसवले की काय होतं, ते आधी बघावं लागतं, आणि त्याहीआधी तो कान.

पडद्याच्या आत हवेची एक लहानशी पोकळी असते. तिच्यात हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं एकमेकांना टेकून असतात आणि पडद्याची थरथर आतल्या कानापर्यंत पोचवतात. या पोकळीतली हवा ताजी ठेवायला नाकाच्या मागून एक नळी येते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळं सर्दी-पडशात पटकन तुंबते. नळी तुंबली की पोकळीत पाणी झिरपतं आणि कधीकधी ते डिंकासारखं घट्ट होतं. यात ताप नसतो, बहुतेक वेळा ठणकाही नसतो. मूल तक्रार करत नाही. आपल्याला कमी ऐकू येतंय हेच त्याला ठाऊक नसतं. पंचवीस-तीस डेसिबलची घट म्हणजे काही ठार बहिरेपण नव्हे. समोरून, मोठ्यानं बोललेलं कळतं. फळ्याकडं तोंड करून बाई बोलल्या की निसटतं. मग श्रुतलेखनात शब्द गळतात, घरी टीव्ही मोठा होतो, हाका दोनदा माराव्या लागतात, आणि प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो : ‘लक्ष देत नाही.’

दुसरा प्रकार वाहत्या कानाचा. ‘कान फुटला’ असं आपण सहज म्हणतो, आणि त्यात खरोखर पडद्याला भोक पडलेलं असतं. पू वाहतो, थांबतो, पावसाळ्यात पुन्हा वाहतो. घरोघरी त्यावर लसूण परतलेलं कोमट तेल घातलं जातं, किंवा ‘मोठेपणी जाईल आपोआप’ म्हणून सोडून दिलं जातं. भोक पडलेल्या पडद्यातून तेल आत घालणं म्हणजे दुखण्याला खतपाणीच. खरं तर कान कोरडा ठेवणं, स्वच्छ कापडाची वात करून पू टिपून घेणं आणि डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक थेंब घालणं, एवढ्यावर पुष्कळ कान सुकतात. भोक राहिलंच तर शस्त्रक्रियेनं पडद्याला ठिगळ लावता येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००४ मध्ये वाहत्या कानांवर जो अहवाल काढला, त्यात भारत सर्वांत वरच्या गटात होता, म्हणजे लोकसंख्येच्या चार टक्क्यांहून अधिक लोकांना हा विकार असलेल्या देशांत. याच संघटनेचा २०२१ चा श्रवणविषयक जागतिक अहवाल सांगतो की जगात ४३ कोटी लोकांना ऐकू न येण्यावर उपचार किंवा साधनं हवी आहेत, त्यांत ३ कोटी ४० लाख मुलं आहेत, आणि मुलांमधल्या बहिरेपणाची साठ टक्के कारणं टाळता येण्याजोगी आहेत. जन्मजात बहिरेपणाच्या शस्त्रक्रियांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत येतात, मंत्र्यांच्या हस्ते यंत्रं वाटली जातात. वाहत्या कानाचा फोटो कोण छापणार? थोड्या खर्चात बरं होणारं बहिरेपण मात्र मोठ्या प्रमाणावर याच मधल्या कानात आहे.

आता पुन्हा त्या आकड्यांकडं. समजा एखाद्या आश्रमशाळेत भर पावसाळ्यात शंभर कान तपासले आणि त्यांतल्या वीस कानांत पाणी आहे. फोन वीसपैकी सतरा पकडेल, तीन सुटतील. उरलेल्या ऐंशी चांगल्या कानांपैकी चौदा-पंधरांवरही तो लाल खूण करेल. म्हणजे एकतीस-बत्तीस कानांसाठी ‘दवाखान्यात दाखवा’ अशी चिठ्ठी जाईल, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना काहीच झालेलं नसेल. उरलेल्यांतही पुष्कळांचं पाणी तीनेक महिन्यांत आपोआप जिरेल, कारण मुलांच्या कानातलं असं पाणी बहुधा जिरतंच. मग रोजगार बुडवून, एसटीनं किंवा वडापनं पोराला घेऊन गेलेल्या बापाला डॉक्टर म्हणणार, ‘काही नाही, तीन महिन्यांनी आणा.’ तो पुन्हा येईल का, हे मी वाचकांवर सोडतो.

म्हणून एकाच खेळण्यावर काम भागत नाही. सिअ‍ॅटलच्या त्याच मंडळींना हे कळत होतं. २०२२ मध्ये त्यांनी फोनला जोडायचं, कानात हवेचा दाब कमी-जास्त करून पडदा कितपत हलतो हे मोजणारं यंत्र पुढं आणलं. या तपासणीला टिंपॅनोमेट्री म्हणतात. पडद्यामागं पाणी असेल तर कागदावर उमटणारी टेकडी सपाट होते. दवाखान्यातलं यंत्र हजारो डॉलरचं. यांच्या जोडणीतल्या सुट्या भागांचा खर्च २८ डॉलर, आजच्या भावात अडीच हजार रुपयांच्या आसपास. पन्नास मुलांच्या कानांवर घेतलेल्या चाचणीत आलेखांचा अर्थ पाच श्रवणतज्ज्ञांनी लावला आणि महागड्या यंत्राशी तो सरासरी ८६ टक्के वेळा जुळला.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक केलं, आणि मला ते सगळ्यांत देखणं वाटतं. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केंप यांनी दाखवलं होतं की निरोगी आतला कान आवाज नुसता घेत नाही, अगदी क्षीण असा आवाज बाहेरही टाकतो. दोन वेगळ्या स्वरांचे आवाज एकदम कानात सोडले की आतल्या केसपेशी तिसराच स्वर परत पाठवतात. तो ऐकू आला तर त्या पेशी ठीक आहेत. तान्ह्या बाळाला हात वर कर म्हणून सांगता येत नाही, म्हणून नवजात बाळांच्या तपासणीत ही पद्धत फार कामाची. अडचण अशी की दोन्ही स्वर एकाच स्पीकरमधून काढले तर स्पीकर स्वतःच तिसरा स्वर पैदा करतो. म्हणून यंत्रातले भाग महाग. या लोकांनी बाजारात मिळणारे स्वस्त इअरफोन घेतले, एका बोंडातून एक स्वर, दुसऱ्यातून दुसरा, दोन्ही नळ्यांनी एकाच टोकाशी आणले आणि मध्ये एक माइक ठेवला. सामानाचा खर्च दहा डॉलर. २०१ कानांवरच्या चाचणीत एकही बिघडलेला कान सुटला नाही. चांगल्या कानांपैकी जवळपास ८९ टक्के चांगले ठरले.

ही सगळी आकडेवारी अमेरिकेतल्या दवाखान्यांतली, शिकलेल्या हातांनी केलेल्या चाचण्यांची आहे, हे ध्यानात ठेवलेलं बरं. आपल्याकडं कानात मळ असतो, खोलीत कालवा असतो, आणि यंत्र धरणाऱ्या ताईंकडं त्याच दिवशी वजन, उंची, दात, डोळे आणि जंताच्या गोळ्याही असतात.

कालव्याचा प्रश्न सर्वांत नीट हाताळला तो दक्षिण आफ्रिकेत. प्रिटोरिया विद्यापीठातले डी वेट स्वानपूल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ च्या सुमारास एक साधा अँड्रॉइड फोन आणि बाजारातला स्वस्त हेडफोन घेऊन शाळातपासणीचं यंत्र उभं केलं. हेडफोन किती डेसिबल देतो हे आधी मोजून फोनमध्ये भरलेलं असतं. फोनचा माइक खोलीतला गोंगाट सतत ऐकतो आणि तो प्रमाणाबाहेर गेला की तसं दाखवतो. मुलानं आवाज ऐकला की हात वर करायचा, तपासणाऱ्यानं ‘ऐकू आलं’वर बोट ठेवायचं. यात एक गंमत आहे. अधूनमधून फोन आवाज काढतच नाही. तपासणाऱ्यानं तरीही ‘ऐकू आलं’ दाबलं तर त्याच्या खात्यावर नोंद होते. दिवसभरात दोनशे मुलं उरकायची असतील तर कुणीही ‘ठीक, ठीक’ करत पुढं सरकेल. त्या माणसाला पकडण्याची सोय यंत्रातच केली आहे. आपल्याकडच्या तपासणी शिबिरांचे भरगच्च आकडे वाचताना मला ही मुकी खेळी हटकून आठवते. केप टाउनच्या खायेलित्शा आणि मिचेल्स प्लेन या गरीब वस्त्यांत बालवाडीतल्या हजारो मुलांचे कान आणि डोळे अशाच फोनांवर स्थानिक स्त्री-पुरुषांनी तपासले, तेव्हा दर मुलामागं खर्च सहा डॉलरच्या आत आला.

मोठ्यांसाठी वेगळी चाचणी आहे. खरखरीच्या आवाजात तीन आकडे बोलले जातात, ते ऐकून फोनवर दाबायचे. बरोबर दाबले की पुढच्या वेळी आकडे खरखरीत आणखी बुडतात, चुकले की वर येतात. नेदरलँड्समध्ये २००४ च्या सुमारास ही चाचणी साध्या टेलिफोनवर सुरू झाली; जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तिचं मोफत अ‍ॅप काढलं. मी ती घरात पंखा चालू ठेवून दिली. सुरुवातीला पोरखेळ वाटतो. नंतर आकडे वाळूत रुतल्यागत होतात आणि आपण ऐकतोय की अंदाज करतोय, हे आपलं आपल्यालाच कळेनासं होतं. तिचं बलस्थान असं की आवाज किती मोठा याला महत्त्व नाही, खरखरीच्या तुलनेत किती याला आहे; म्हणून फोन कुठलाही चालतो. मराठीत ती बेतायची तर आकडे निवडण्यापासून सुरुवात करावी लागेल. डचांनी सात आणि नऊ वगळले, कारण त्यांच्याकडं ते उच्चारताना दोन तुकडे पडणारे शब्द, लांबीवरूनच ओळखू येतात. आपल्याकडं तसे सहा आणि नऊ. शिवाय खरखरीत सात आणि आठ यांची गल्लत होणार. पण मुलांच्या मधल्या कानासाठी ही चाचणी लंगडी आहे. पाण्यामुळं आवाज आणि खरखर दोन्ही सारखेच दबतात, मूल फोनचा आवाज वाढवतं आणि पास होतं.

आपल्या घरचंही थोडं. बंगळूरूच्या नीती कैलास आणि नितीन सिसोदिया यांनी ‘सोहम’ नावाचं यंत्र बनवलं. बाळाच्या डोक्याला तीन ठिकाणी इलेक्ट्रोड लावायचे, कानात आवाज द्यायचा आणि मेंदू त्याला प्रतिसाद देतो का हे पाहायचं. यंत्र बॅटरीवर चालतं आणि आजूबाजूचा गोंगाट स्वतःच गाळतं. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पाठबळानं ते तयार झालं आणि जुलै २०१७ मध्ये त्याचं दिल्लीत अनावरण झालं. त्या वेळी सरकारनं दिलेला आकडा असा की जगात दरवर्षी बहिरेपण घेऊन जन्मणाऱ्या आठेक लाख बाळांपैकी सुमारे एक लाख भारतात जन्मतात.

आणि महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातला प्रारंभच मुळी पालघरला झाला, ६ फेब्रुवारी २०१३ ला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. गाडीतून फिरणारी पथकं, पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. अंगणवाडी वर्षातून दोनदा, शाळा एकदा. तपासायच्या तीस विकारांच्या यादीत कानाचा दाहही आहे आणि जन्मजात बहिरेपणही. कल्पना म्हणून याला तोड नाही. मुलं दवाखान्यात येत नाहीत तर दवाखाना मुलांकडं जातो. मार्गदर्शिकेतल्या सामानाच्या यादीत मात्र ऐकण्याच्या दृष्टीनं आहे काय, तर घंटा, खुळखुळा, विजेरी. खुळखुळ्याला मान वळवणारं बाळ ठार बहिरं नाही एवढंच त्यातून कळतं. पडद्यामागं पाणी असलेलं मूल खुळखुळ्याला हमखास वळतं. या पेटीत फोनवरचं टिंपॅनोमेट्रीचं यंत्र आणि मोजून घेतलेला एक हेडफोन पडला, तर पथकांच्या इंधनाच्या खर्चापुढं ती किंमत दिसणारसुद्धा नाही.

पेटी भरली तरी चिठ्ठीचा प्रश्न उरतोच. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून जास्त. कान-नाक-घशाचा डॉक्टर जिल्ह्याच्या गावी, श्रवणतज्ज्ञ असला तर तोही तिथंच, आणि डॉक्टरांचा बाह्यरुग्ण विभागातला ठरलेला वार पालकांना कुणी सांगितलेला नसतो.

याचं सर्वांत स्वच्छ उत्तर मी ज्या अभ्यासात वाचलं तो अलास्कातला आहे. बेरिंग सामुद्रधुनीच्या काठची मूळनिवासींची पंधरा गावं. मोठ्या दवाखान्याशी रस्त्यानं न जोडलेली, लहान विमानानं जायचं. तिथं मुलांत कानाचे विकार फार. नॉर्टन साउंड हेल्थ कॉर्पोरेशन ही तिथली मूळनिवासींची आरोग्यसंस्था आणि डॉ. सुसान एमेट यांचा गट यांनी २०१७ ते २०१९ या काळात १४८१ शाळकरी मुलांवर हा प्रयोग केला. तपासणी सगळ्या गावांत फोनवरच. फरक केला तो पुढच्या पायरीत. काही गावांत नेहमीप्रमाणं पालकांना पत्र गेलं : दवाखान्यात दाखवा. बाकीच्या गावांत तिथल्याच आरोग्यसेविकेनं मुलाला गावातल्या दवाखान्यात बोलावलं, पडद्याचा फोटो, दाबाचा आलेख आणि ऐकण्याची चाचणी हे सगळं दूरच्या तज्ज्ञाला पाठवलं, तज्ज्ञानं सवडीनं पाहून उत्तर दिलं. पत्रवाल्या गावांत ३२.१ टक्के मुलांची पुढची तपासणी झाली. दुसऱ्या गावांत ६८.५ टक्के. निदान व्हायला पत्रवाल्या गावांत सरासरी ९२ दिवस लागले, दुसऱ्या गावांत साडेएक्केचाळीस. यंत्र तेच, मुलं तशीच, सेविकेच्या हातात एक जादा पायरी दिली आणि आकडा दुपटीवर गेला. विमानानं जायच्या गावांत जमलं, तर एसटी जाणाऱ्या गावांत जमायला काय हरकत आहे? हरकत एवढीच की फोटो पाठवणारी माणसं मिळतील, पण तो बघून उत्तर देणं हे जिल्हा रुग्णालयातल्या कुणाच्या तरी नेमून दिलेल्या कामाचा भाग व्हावं लागेल. यंत्र घ्यायला अंदाजपत्रकात शीर्षक असतं; फोटो बघण्याच्या तासाला नसतं.

माणसं फिरवून यंत्र पुरवता येतं हे तर आपल्याच देशात, कोचीत करून दाखवलेलं आहे. डॉ. अब्राहम पॉल यांच्या पुढाकारानं २००३ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ठरवलं की प्रत्येक रुग्णालयानं महाग यंत्र घ्यायची गरज नाही. तपासणारी व्यक्ती यंत्र घेऊन ठरलेल्या वारी एर्नाकुलम परिसरातल्या रुग्णालयांत जाते आणि नव्या बाळांचे कान बघते. पहिल्या दिवसांत कानात घाण असल्यानं बरीच बाळं अडकतात, त्यांना पुन्हा बोलावायचं ते लशीच्या दिवशी. आई तेव्हा येणारच असते. लशीचा दिवस ही या योजनेतली सर्वांत स्वस्त वस्तू.

शाळकरी मुलांसाठी आपल्याकडं तसा ठरलेला दिवस शोधायचा तर शाळेचं वेळापत्रकच उपयोगी पडेल. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्यावर पाऊस वाजत असतो, निम्मा वर्ग शिंकत असतो; तेव्हा पहिली फेरी घेतली तर पाणी असलेले कान खंडीभर सापडतील, आणि फोन गोंगाटामुळं वारंवार थांबेल तो वेगळाच. त्या फेरीत वाहते कान तेवढे लगेच पुढं पाठवायचे, त्यांना थांबवण्यात अर्थ नाही. बाकी सगळ्या लाल खुणांची यादी वर्गशिक्षकांकडं द्यायची, त्या मुलांना पुढच्या बाकावर बसवायला सांगायचं, आणि दुसरी फेरी दिवाळीच्या सुट्टीनंतर, शाळा भरल्याच्या पहिल्या आठवड्यात घ्यायची. तोवर तीन महिने होऊन गेलेले असतात, सर्दी सरलेली असते. तेव्हाही आलेख सपाट राहिलेले कान संख्येनं थोडे भरतील. त्यांचे आलेख आणि पडद्यांचे फोटो एकगठ्ठा जिल्ह्याला गेले, तर तिथल्या डॉक्टरला एका दुपारी सगळे बघून होतील, आणि ज्यांना खरंच बोलवायचं त्यांच्यासाठी पथकाची गाडी एकदाच काढावी लागेल.